अभिरूप विधानसभा भरवायची तर भाषणं पाठ करून घेऊ नका, विधेयक लिहायला लावा

परवा देवगडकडच्या एका शिक्षिकेचा फोन आला, त्यांना त्यांच्या हायस्कूलात आठवी ते दहावीच्या मुलांची अभिरूप विधानसभा, म्हणजे मुलांनीच आमदार होऊन चालवलेली नकली विधानसभा, भरवायची आहे आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये. तासभर बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून आता सगळं एकदा लिहून काढते, अजून कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. मी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका गावात नागरिकशास्त्र शिकवते आणि गेली चार वर्षं डिसेंबरात वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही हा कार्यक्रम करतो. कार्यक्रम दोन दिवसांचा, पण तयारी चांगली सहा आठवडे चालते आणि खरं शिकणं त्या सहा आठवड्यांतच होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, ही वक्तृत्व स्पर्धा नाही. मी एके ठिकाणी बघायला गेले होते, तिथे मुख्यमंत्र्यांचं भाषण सरांनी लिहून दिलेलं, विरोधी पक्षनेत्याचं पण सरांनीच, सभात्याग कितव्या मिनिटाला करायचा तेही ठरलेलं. मुलं छान बोलली, टाळ्या पडल्या, बक्षिसं झाली. नंतर मंत्री झालेल्या एका मुलीला मी विचारलं, तुमच्या विधेयकात कलमं किती होती गं, तर तिने विधेयक बघितलंच नव्हतं, तिला फक्त तिचं पान पाठ होतं. मला फार वाईट वाटलं कारण पोर हुशार होती. आणि आमच्याकडे तरी पहिल्या वर्षी काय वेगळं झालं, विधेयक मीच लिहिलं होतं, प्लास्टिकच्या पिशव्यांवर, ते अर्ध्या तासात एकमताने पास झालं, एकानेही त्यातला एक शब्द बदला म्हणून सांगितलं नाही. कायदा म्हणजे शेवटी कागदावरचे शब्द असतात आणि त्या शब्दांवर कुणी भांडलंच नाही तर मुलं शिकली काय? म्हणून दुसऱ्या वर्षापासून नियम केला, विधेयक मुलांनीच लिहायचं आणि दोन दिवसांतला जास्तीत जास्त वेळ कलमांवर घालवायचा.

तारीख आणि माणसं

कोकणात तारीख काढणं हेच एक काम आहे. जून-जुलैत लावणी, मग गणपती, गणपतीत कुणी कुणाला सापडत नाही, मग भातकापणी, फेब्रुवारीपासून दहावीचं टेन्शन, मार्चात शिमगा आणि पुढे आंबा. राहता राहिले नोव्हेंबर-डिसेंबर. डिसेंबर सगळ्यात बरा कारण तेव्हा नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं आणि कामकाज लाईव्ह बघता येतं. मुलांना रोज अर्धा तास दाखवा, पण गोंधळाच्या क्लिप नकोत, त्या त्यांनी आधीच फोनवर बघितलेल्या असतात, प्रश्नोत्तराचा तास आणि एखाद्या विधेयकावरची चर्चा दाखवा. त्याच दिवसांत आमच्याकडे जत्रा असतात, मुलं रात्रभर दशावतार बघून पेंगत येतात, येऊ देत. दशावतारात नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात, दोघं समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी एकमेकांचा मुद्दा खोडतात. काल राजाने ऋषीला काय उत्तर दिलं, ते उत्तर तुला पटलं का, इथून मी वादविवाद शिकवायला सुरुवात करते आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा बोलायला लागतात.

मुलं चाळीसच्या आसपास घ्या. खऱ्या विधानसभेत २८८ आमदार असतात, पण चाळिसाच्या वर गेलं की मागच्या बाकावरची मुलं नुसती बसून राहतात. गणपूर्तीचा, म्हणजे कामकाजाला निदान किती सदस्य हजर हवेत याचा, नियम पण लावा, घटनेच्या १८९ व्या कलमात १० सदस्य किंवा एकूण सदस्यांचा एक दशांश यातलं जे जास्त ते असं आहे, म्हणजे मुंबईत २९ लागतात आणि आपल्या चाळिसाच्या सभागृहात १०. आमच्याकडे एकदा दुपारच्या जेवणानंतर नऊच मुलं परत आली तर अध्यक्षांनी खरंच कामकाज थांबवलं, बाकीच्या मुलांना बोलवायला एकाला सायकलवर पाठवावं लागलं, तेव्हापासून गणपूर्ती हा शब्द कुणी विसरलेलं नाही.

सत्ताधारी कोण, विरोधी कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. खरे पक्ष, खरी नावं, खरे झेंडे अजिबात नकोत, गाव लहान असतं, घरची भांडणं हॉलमध्ये येतात. चिठ्ठीचा दुसरा फायदा असा की ज्याच्या घरी पर्यटकांचा धंदा आहे त्याला पण धंद्यावर बंधन घालणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बोलावं लागतं. मतदानाला मात्र मी व्हीप, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्या हा पक्षादेश, लावत नाही, दोन्ही बाजूंना आपली मतं सांभाळणारा प्रतोद नेमते, त्याने मुलांना समजवावं, पण हात ज्याचा त्याने वर करायचा. खऱ्या सभागृहात पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जाऊ शकते, हे मुलांना वेगळं सांगा, लपवू नका.

अध्यक्ष मात्र मुलांनी मतदान करून निवडायचा, तुम्ही नेमू नका. शांत आणि खणखणीत आवाजाचं मूल लागतं आणि बहुतेक वेळा मुलांना ते आपसूक कळतं. अध्यक्ष निवडायच्या दिवशी मी ग. वा. मावळंकरांची गोष्ट सांगते, ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष आणि त्याआधी १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, मूळ घराणं आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं. मुलं एकदम सरळ बसतात. उरलेल्यांपैकी दोघांना प्रतिवेदक करा, म्हणजे सभागृहात बोललेला शब्द न शब्द उतरवून घेणारे. मोबाईल रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण लिहायचं वहीतच.

विषय निवडताना आधी तीन याद्या

फळ्यावर विषय मागवलेत की काय येतं ते मी आत्ताच सांगते. पहिला विषय मुंबई-गोवा हायवे. दरवर्षी. मग कोकण रेल्वेला आपल्या स्टेशनवर थांबा, मग माकडं, मग आंब्याला भाव, मग पर्ससीन नेट आणि एलईडीची मासेमारी. लगेच पुसू नका, उलट इथेच घटनेची सातवी अनुसूची काढा, फळ्यावर तीन रकाने करा, संघसूची म्हणजे केंद्राचे विषय, राज्यसूची म्हणजे राज्याचे, समवर्ती सूची म्हणजे दोघांचे, आणि एकेक विषय कुठे बसतो ते मुलांनाच शोधू दे. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, रेल्वे पण तिथेच, म्हणजे त्यावर आपली विधानसभा कायदा करू शकत नाही, फार तर केंद्राला शिफारस करणारा ठराव करेल. शेती राज्यसूचीत. वन्यप्राण्यांचं संरक्षण समवर्ती सूचीत, पण त्यावर केंद्राचा १९७२ चा कायदा आहे, त्याच्याशी टक्कर झाली तर केंद्राचा कायदा टिकतो, राज्याचा टिकवायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते.

मासेमारी सगळ्यात भारी उदाहरण आहे, त्याला वेळ द्या. मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, पण प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी संघसूचीत, आणि ही हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर संपते. म्हणजे एकाच समुद्रात एका रेषेच्या अलीकडे मुंबईचा कायदा आणि पलीकडे दिल्लीचा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले, १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची बंदी आपल्या पोरांना पाठच असते कारण घरी त्या दिवसांत होडी वर काढलेली असते. मी हा भाग शिकवते तेव्हा मासेमारांची मुलं मला शिकवतात, कुठल्या वाऱ्यात किती मैल बाहेर जावं लागतं, परराज्यातले ट्रॉलर कुठे दिसतात, आणि मग बारा मैल हा आकडा त्यांच्यासाठी पुस्तकातला राहत नाही.

विषय निवडताना माझा आग्रह एवढाच, की तो मुलांना चालत जाऊन बघता आला पाहिजे. मागच्या वर्षी मुलांनी घेतला पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या, गाड्यांचा. सुट्टीत पर्यटक गाड्या थेट वाळूत घालतात, रुततात, भरती चढते, मग गावातली माणसं दोर घेऊन धावतात, शिवाय कासवांच्या विणीचा काळ असतो. पुढे सगळं याच विधेयकाच्या उदाहरणावरून सांगते, म्हणजे नुसत्या सूचना होणार नाहीत.

विधेयक लिहिणं

विधानमंडळाच्या वेबसाईटवर खरी विधेयकं मराठीत पीडीएफमध्ये मिळतात, लहानसं दोन-तीन पानांचं बघून चार प्रिंट काढा आणि मुलांना फक्त सांगाडा बघायला लावा. वर विधेयकाचं नाव, मग भारतीय गणराज्याच्या अमुकाव्या वर्षी अधिनियम करण्यात येत आहे अशी ओळ, कलम १ मध्ये संक्षिप्त नाव, कुठे लागू आणि कधीपासून अंमल, कलम २ मध्ये व्याख्या, मग मुख्य मनाई किंवा हक्क, मग अपवाद, मग शिक्षा किंवा दंड, मग सरकारला नियम करायचा अधिकार, आणि शेवटी उद्देश व कारणे यांचं निवेदन. आमच्या मुलांना मी सांगते सात-आठ कलमांच्या वर जायचं नाही. गणराज्याचं कितवं वर्ष ते मुलांनाच काढू दे, २६ जानेवारी १९५० पासून मोजायचं.

उद्देश व कारणे मुलं सुंदर लिहितात, ते निबंधासारखं असतं ना. खरी कसोटी कलम २. मुलांनी पहिल्या कच्च्या खर्ड्यात लिहिलं, समुद्रकिनाऱ्यावर कोणतेही वाहन नेण्यास मनाई आहे. वाचून सगळे खूश. मी फक्त विचारलं, वाहन म्हणजे काय आणि किनारा म्हणजे कुठून कुठपर्यंत. शांतता. मग मागून एका मुलाने विचारलं, बाई, आमचो ट्रॅक्टर पण वाहनच ना, मगे होडी वर कशी ओढूची? आणि तिथून जो दंगा सुरू झाला तो आठवडाभर संपला नाही. होडी ओढायचा ट्रॅक्टर चालेल, असं म्हणावं तर उद्या कुणीतरी ट्रॅक्टरवरून पर्यटकांना फिरवेल. म्हणून मासेमारी नौका ओढण्यासाठी असं घाला. मग रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी वाहणारी बैलगाडी? ॲम्ब्युलन्स? पोलिसांची जीप? सायकल? एका मुलीची आजी व्हीलचेअरवर असते, तिने विचारलं माझ्या आजीने समुद्र बघायचाच नाही का, आणि एका मिनिटात सगळ्यांनी तो अपवाद लिहिला.

किनाऱ्याच्या व्याख्येत तर आम्ही सगळेच फसलो होतो. मुलांनी लिहिलं होतं, ओहोटीच्या रेषेपासून भरतीच्या रेषेपर्यंतची जागा. ऐकायला अगदी बरोबर. पण कासवांची घरटी राखणाऱ्या एका दादांना आम्ही बोलावलं होतं, ते म्हणाले, अरे ऑलिव्ह रिडले तर अंडी घालते भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. म्हणजे ज्या कासवासाठी विधेयक लिहिलं ते कासवच व्याख्येच्या बाहेर राहिलं होतं! शेवटी व्याख्या अशी झाली, ओहोटीच्या रेषेपासून सुरूच्या बनाच्या समुद्राकडच्या कडेपर्यंतची सर्व वाळूची जागा, आणि जिथे सुरूचं बन नाही तिथे पहिल्या बांधकामापर्यंत किंवा रस्त्यापर्यंत. पुळण हा शब्द मुलांना हवाच होता, मी पण अडवलं नाही, किनारा म्हणजे ज्यास स्थानिक भाषेत पुळण म्हणतात ती जागा असं त्यांनी कंसात टाकलं. कासवाच्या त्या एका वाक्याने मुलांना कायद्याची भाषा जेवढी कळली तेवढी माझ्या दहा तासांनी कळली नसती, म्हणून सांगते, खर्डा पूर्ण व्हायच्या आधी कामातल्या माणसांना बोलवाच.

दंडाच्या कलमात मुलं फार कडक असतात. पहिला आकडा आला पन्नास हजार आणि तीन वर्षं तुरुंग. इथे त्यांना हे विचारा, दंड करणार कोण, पावती कोण फाडणार, पैसे जाणार कुठे, ग्रामपंचायतीत की सरकारजमा, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं काय. आमच्याकडे घासाघीस होऊन पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा केलं तर पाच हजार आणि रुतलेली गाडी काढायचा खर्च वेगळा, असं ठरलं. तुरुंग काढून टाकला, तोही मतदानाने.

समितीचे दोन आठवडे

पुस्तकात तीन वाचनं दिलेली असतात, पहिलं म्हणजे विधेयक मांडणं, दुसरं म्हणजे त्यावर चर्चा आणि मग कलमवार विचार, तिसरं म्हणजे अंतिम मंजुरी. आम्ही पहिलं वाचन मुख्य कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी एका शनिवारी शाळा सुटल्यावर उरकतो आणि विधेयक समितीकडे पाठवतो. आपल्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांच्या आमदारांची संयुक्त चिकित्सा समिती असते तसं. आमची नऊ जणांची, पाच सत्ताधारी, चार विरोधी.

समितीला एकच काम द्या, ऐकणं. आमची समिती रविवारी सकाळी पुळणीवर गेली, रापणकारांशी बोलली, वाळूवर चारचाकी राईड देणाऱ्या दोन तरुणांशी बोलली, होमस्टे चालवणाऱ्या काकींशी, पोलीस पाटलांशी. प्रत्येकाचं म्हणणं वहीत, खाली तारीख. राईडवाल्या तरुणांपैकी एक जण चिडला होता, माझं कर्ज आहे या गाडीवर, तुम्ही पोरं माझं पोट मारताय. मुलं घाबरून परत आली, विधेयक सोडून देऊया म्हणाली. मी त्यांना बसवलं आणि म्हटलं हे म्हणणं अहवालात शब्दशः लिहा आणि उत्तर शोधा. त्यांनी शोधलं, सध्या धंदा करणाऱ्यांना एक वर्षाची मुदत आणि कासवांच्या विणीच्या काळाबाहेर ठरवून दिलेल्या पट्ट्यात परवाना. हे कलम पुढे सगळ्यात जास्त वादाचं ठरलं आणि सगळ्यात चांगलं लिहिलेलं पण तेच होतं.

विरोधी बाकावरच्या मुलांची एक तक्रार हमखास येते, आमचं काही पास होणारच नाही तर आम्ही कशाला लिहायचं. त्यांना पण एक अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडू द्या आणि ही गोष्ट सांगा. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची कुळांवरची सत्ता, रद्द करायचं विधेयक मांडलं, ते विरोधी बाकावर होते आणि विधेयक आपल्या कोकणातल्या कुळांसाठी होतं. ते विधेयक पास झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत गेले, तिकडे अलिबाग तालुक्यात चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांचा संप १९३३ पासूनच चालू होता. आणि खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. मधली बारा वर्षं मुलांना फळ्यावर रेघ मारून दाखवा. दुसरं उदाहरण वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, राजापूरचे खासदार, १९६७ मध्ये त्यांनी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल अशासकीय विधेयक आणलं, त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही, पण ते गेले त्याच वर्षी, १९७१ ला, तोच अधिकार सांगणारी चोविसावी घटनादुरुस्ती झाली. ज्या मुलाचं घर पूर्वी खोताचं कूळ होतं त्याला हे ऐकताना बघा एकदा.

प्रत्यक्ष दोन दिवस

खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या मांडा, अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधी. पहिला दिवस शपथ, प्रश्नोत्तराचा तास, एक-दोन लक्षवेधी सूचना आणि विधेयकावर साधारण चर्चा. प्रश्न तीन दिवस आधी लेखी घ्या म्हणजे मंत्री झालेल्या मुलाला ग्रामपंचायतीत, पोस्टात, आरोग्य केंद्रात जाऊन माहिती आणता येते. उत्तर माहीत नसेल तर माहिती घेऊन पटलावर ठेवतो म्हणायचं आणि खरंच ठेवायचं. थापा मारल्या तर मी अध्यक्षांमार्फत नोंद करायला लावते, एवढं मात्र कडक रहा.

दुसरा दिवस सगळा कलमांचा. अध्यक्ष एकेक कलम पुकारणार, ज्याला दुरुस्ती सुचवायची त्याने आदल्या दिवशी लेखी दिलेली असणार, अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द घाला अशाच भाषेत, त्यावर दोन बाजूने दोन-दोन मिनिटं आणि मग मत. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, होयचे बहुमत, दुरुस्ती संमत. आवाजावरून वाद झाला तर मतविभागणी मागायची, उभं करून डोकी मोजायची. मतं सारखी पडली तरच अध्यक्षांचं निर्णायक मत. मागच्या वर्षी १९ दुरुस्त्या आल्या, ८ मंजूर झाल्या आणि राईडवाल्यांच्या मुदतीचं कलम २० विरुद्ध १८ ने टिकलं.

हरकतीचा मुद्दा मुलांना फार आवडतो आणि ती तो उगाचच वापरतात, तर नियम साधा ठेवा, नियम किंवा घटना मोडली जातेय असं दाखवता आलं तरच. आमच्या एका नववीतल्या मुलीने खरा मुद्दा काढला होता, मोटार वाहन कायदा १९८८ केंद्राचा आहे, मग आपण वाहनांवर कायदा कसा करतो? अध्यक्षांनी दहा मिनिटं कामकाज थांबवलं, सगळे याद्या शोधत बसले, यांत्रिक वाहनं समवर्ती सूचीत सापडली, म्हणजे राज्याला पण करता येतो, केंद्राच्या कायद्याशी विसंगत नसला म्हणजे झालं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. तुम्ही पण बोलू नका, मागे बसा, तोंडाला कुलूप लावणं हेच आपल्यासाठी सगळ्यात कठीण काम असतं.

विधान परिषद शक्य असेल तर कराच. खऱ्या परिषदेत ७८ सदस्य, त्यातले १२ राज्यपालांनी नेमलेले, साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यातले. आम्ही गावातली नऊ मोठी माणसं बसवतो, एक रापणकार आजोबा, आशाताई, निवृत्त पोस्टमास्तर, भजनीबुवा वगैरे. मुलांना आपल्या विधेयकाचा बचाव मोठ्यांसमोर करावा लागतो आणि मोठ्यांना पण विधेयक वाचावं लागतं. परिषदेने आमचं विधेयक एक दुरुस्ती सुचवून परत पाठवलं, दंडाच्या निम्म्या पैशातून रात्रीचा राखणदार ठेवा अशी. मुलांना तेव्हा सांगा की परिषद विधेयक लांबवू शकते, पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना, धन विधेयक तर फक्त चौदा दिवस, पण कायमचं अडवू शकत नाही, आणि राज्यात संसदेसारखी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठकही नसते. मुलांनी ती दुरुस्ती मान्य केली, आजोबांचं त्यांना पटलं होतं.

मग राज्यपाल. आमच्या ग्रंथपाल बाईंनी काम केलं. संमती देणं, रोखून ठेवणं, पुनर्विचारासाठी परत पाठवणं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं, हे चारही पर्याय त्यांनी मोठ्याने वाचले आणि मग सही केली. सहीनंतर विधेयकाचा अधिनियम होतो आणि राजपत्रात छापला जातो, आमचं राजपत्र म्हणजे वाचनालयाचा नोटीस बोर्ड. खर्चाचं म्हणाल तर झेरॉक्स, चहा आणि दोन दिवस उसळ-पाव, दोन हजारांच्या आत भागतं.

सही झाली की संपलं असं समजू नका

दुसऱ्या दिवशीच्या शेवटी मुलं दमलेली असतात पण अर्धा तास राखून ठेवा आणि महाडचं सांगा. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, तो मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चालत गेले तेव्हा त्या तळ्याचं पाणी ओंजळीत आलं, कारण तोवर कागद कागदच होता. आमच्या मुलांनी हे ऐकल्यावर स्वतःहून विचारलं, मग आपला बोर्डावरचा कायदा गाड्या थांबवेल का? नाही थांबवणार, तो खरा कायदाच नाही. पण ग्रामसभा खरी असते. त्यांनी विधेयकाची प्रत आणि समितीचा अहवाल जोडून ग्रामसभेला अर्ज केला, ठरावाची मागणी फक्त दोन गोष्टींची, पुळणीकडे उतरणाऱ्या वाटेवर साखळी आणि एक फलक. अठरा वर्षांखालच्यांना ग्रामसभेत मत नसतं, म्हणून त्यांनी आपापल्या आई-बाबांना आणि आजीला बरोबर आणलं, त्या मोठ्यांपैकी तिघी जणींनी मिळून ती मागणी वाचली. साखळी लागली आहे. फलक अजून व्हायचा आहे.

प्रतिवेदकांच्या वह्या जपून ठेवा, आमच्या वाचनालयाच्या लोखंडी कपाटात चारही वर्षांच्या आहेत. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्या दिवशी त्याच वह्या वाचायला द्यायच्या आणि प्रश्नोत्तराच्या तासातला पहिला तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न मागच्या वर्षीच्या विधेयकाचं पुढे काय झालं हाच ठेवायचा. यंदाचा प्रश्न आठवीतल्या एका मुलाने आत्ताच लिहून दिला आहे, पुळणीवरच्या साखळीची चावी कोणाकडे असते आणि ॲम्ब्युलन्स आली तर ती किती मिनिटांत मिळते.